तांत्रिक बिघाडामुळे

बत्तीस वर्षं मी डोंबिवलीहून लोकलनं नोकरीला गेलो. निम्मी दारात लटकत, उरलेली चौथ्या सीटवर अर्धा टेकून. या काळात रेल्वे कशी चालवावी याबद्दल माझी ठाम मतं तयार झाली आणि ती मी डब्यातल्या ग्रुपला रोज ऐकवली. त्यामुळे निवृत्तीनंतर पुतण्यानं जर्मनीहून मॉडेल रेल्वे आणली, तेव्हा मला भेट नव्हे, चार्ज मिळाल्यासारखं वाटलं.

"काका, एकदम सोपंय. रूळ जोडायचे, दोन वायरी लावायच्या, गाडी पळते," असं म्हणून तो विमानतळाकडे पळाला.

गाडी एचओ मापाची, म्हणजे खरीच्या ८७व्या हिश्शाएवढी. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर, या गाडीच्या रुळांत १६.५. वीज १२ व्होल्ट डीसी. स्कूटरच्या बॅटरीएवढ्या विजेला काय घाबरायचं! हिनं, म्हणजे बायकोनं, इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं, मी दोन रुळांना दोन वायरी लावल्या.

लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. इथे वर तारच नाही. वीज एका रुळानं येते, इंजिनाच्या मोटरमधून जाते आणि दुसऱ्या रुळानं परत फिरते. अप आणि डाऊन. म्हणून एका आसावरच्या दोन चाकांमध्ये वीज अडवणारं प्लॅस्टिक असतं, नाहीतर आसातूनच शॉर्टसर्किट. लग्नातल्या भाषणांत संसाररथाच्या दोन चाकांचा उल्लेख हटकून होतो. मधल्या प्लॅस्टिकबद्दल कोणी बोलत नाही.

मी नॉब फिरवला. गाडी निघाली, पण उलटी. वायरींची अदलाबदल केली, सुलटी झाली. डीसीत धन-ऋण बदललं की मोटरची दिशा बदलते. मोटरमनला बॅग उचलून दुसऱ्या टोकाच्या डब्यात जावं लागत नाही.

मग कळलं, की गाडी सोफ्याजवळ राजधानीसारखी धावते आणि टीव्हीखाली पोचेपर्यंत तिची गोगलगाय होते. "शेवटच्या बिल्डिंगला पाणी कमीच येतं," ही म्हणाली. नेमकं तेच होतं. रुळांच्या प्रत्येक जोडाशी थोडी वीज गळपटत होती. मुंबईत १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि अशी वीज वाटेत थकते म्हणून ठिकठिकाणी सबस्टेशनं उभारावी लागली. पुढे २५,००० व्होल्ट एसी आणून अख्ख्या मुंबईतली डीसी घालवायला २०१६ साल उजाडलं. मी खोडरबरानं रूळ घासले आणि टीव्हीखाली आणखी दोन वायरी जोडल्या. या कामात रुळांचे सांधे सुधारले, माझे गेले.

इथे थांबायला हवं होतं. पण नुसती गोल गोल फिरणारी गाडी म्हणजे रेल्वे नव्हे, जत्रेतला पाळणा. गाडी गेल्या वाटेनं परत यायला हवी. म्हणून जादा रूळ आणि एक सांधा घेऊन मी डायनिंग टेबलाखाली वळसा टाकला. शेवटची पट्टी बसवताच ट्रान्सफॉर्मरवर लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प.

मी प्लग बदलला. सॉकेट बदलला. बिल्डिंगच्या वायरिंगवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी ही हळदीकुंकवाचा करंडा घेऊन खाली बसली.

"अगं, पूजा झाली आहे!"

"थांबा हो जरा." तिनं एका रुळाच्या कडेनं हळदीची बोटं उमटवत नेली, दुसऱ्याच्या कडेनं कुंकवाची. टेबलाखालून वळसा घालून बाहेर आली आणि म्हणाली, "हे बघा. हळद येऊन कुंकवाला मिळाली."

डावा रूळ वळून परत येतो तो थेट उजव्याला चिकटतो, ही गोष्ट बत्तीस वर्षांच्या ठाम मतांना दिसली नव्हती.

उपाय असा, की वळशाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ प्लॅस्टिकच्या जोडानं तोडायचे, वळशाला वेगळी वीज द्यायची आणि गाडी आत असतानाच बाहेरच्या मार्गाचं धन-ऋण एका स्विचनं उलटं करायचं. नॉब माझ्याकडे, स्विच हिच्याकडे. गाडी टेबलाखाली शिरली. त्याच क्षणी शिट्टी झाली, कुकरची. ही उठली. स्विच तसाच राहिला, इंजिन जोडावर आलं आणि लाल दिवा लागला.

"का थांबली?" आतून प्रश्न आला.

उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडलं, आणि बत्तीस वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या तोच आवाज माझ्या घशातून निघाला, "तांत्रिक बिघाडामुळे गाडी उशिरानं धावत आहे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"असू द्या," ही म्हणाली. "रविवारी मेगाब्लॉक आहे. मला टेबलाखालून झाडू मारायचाय."