उरलेले अनुस्वार

चिपळूणला सासरी पहाटेचा बंब मी पेटवत असे. खाली वाळका पातेरा, त्यावर नारळाची सोडणं, वर करवंटीचे तुकडे. श्रावणात सगळंच सर्द झालं, की रॉकेलात बुडवलेली चिंधी. या कामात शोभेला जागा नव्हती. सोडणाला मी रिबीन बांधली असती, तर सासूबाईंनी मला त्याच दिवशी माहेरच्या एसटीत बसवलं असतं.

त्यामुळे मिनेसोटात मुलाकडे गेले तेव्हा फायरप्लेस बघून मला हुरूप आला. बाहेर उणे वीस. आता या पोरांना विस्तव म्हणजे काय ते दाखवते, असं मनाशी म्हटलं. फायरप्लेसशेजारी वेताची टोपली होती. तीत पाइनची लाकडी फुलासारखी उमललेली फळं, सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या, दालचिनीच्या कांड्या, त्यांना सुतळीची गाठ आणि गाठीत लवंगा खोचलेल्या.

"किती सुरेख! देवापुढे मांडायचंय का?"

"नाही आई," सूनबाई म्हणाली, "ते फायर स्टार्टर आहेत. जाळायचे."

दालचिनी जाळायची? आमच्याकडे मसाल्याच्या डब्यातली दालचिनी सासूबाई मोजून देत.

पण सूनबाई हे सगळं मन लावून करते, आणि मला शिकवलंही तिनं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, खळग्यांत लाकडाचा भुसा भरायचा, वर वितळवलेलं सोयाबीनचं मेण ओतायचं. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, नाहीतर फायर स्टार्टर स्वयंपाकघरातच सुरू होतो. मेण हे इंधन, पुठ्ठा ही वात. म्हणजे झाली पणतीच, जरा बाळसेदार. संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते भुरकन पेटतं. लहानपणी मेणबत्तीच्या ज्योतीवर साल पिळून आम्ही फुलबाज्या उडवायचो तेव्हा हेच जळत होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. आणि बर्चची साल तर ओली असली तरी पेटते, इतकं तेल असतं तिच्यात. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातलं झाड. आपल्याकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या, इथे काडी लावतात.

"सगळं नॅचरल आहे, आई," ती म्हणाली. मी म्हटलं, नॅचरलच हवं तर गोवरीसारखं काही नाही, येताना चार आणल्या असत्या. चिरंजीवांनी सांगितलं, की भारतातून येणारी गोवरी विमानतळावरच जप्त होते. लाळ्या-खुरकुताची भीती. गोवरीलासुद्धा व्हिसा मिळत नाही म्हणायचा.

खरी गंमत पुढेच. या विस्तवानं घर तापत नाहीच. घर तापवते ती तळघरातली भट्टी. फायरप्लेस उलट खोलीतली ऊबदार हवा ओढून धुराड्यातून बाहेर सोडते. म्हणजे पेट्रोल पंपावरून, प्लास्टिकमध्ये बांधलेलं सरपण विकत आणायचं, ते पेटवायला दालचिनी जाळायची आणि घर थोडं गार करून घ्यायचं. दिसतं मात्र छान. ते नाकबूल करून चालायचं नाही.

हे झालं दिवाणखान्याचं. गराजमध्ये सूनबाईंचं दुसरं दालन. तिथे लेझरचं यंत्र आहे. ट्रंकेएवढी पेटी, आत काचेची नळी. तीन मिलिमीटर जाडीचा बर्चचा प्लायवुड ठेवायचा, संगणकावर नक्षी काढायची, बटण दाबायचं. लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, दिसते फक्त लाकडावर धावणारी बारकी ठिणगी. कातर नाही, करवत नाही, लाकूड रेषेरेषेनं जाळून कापलं जातं. कडा भाजून तपकिरी होतात आणि गराजला होळीच्या दुसऱ्या दिवसाचा वास येतो. हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. हे कळल्यापासून यंत्र मला घरातलंच वाटू लागलं. तिथेच घात झाला.

कारण या घराची रीत माझ्या ध्यानात येत नव्हती. जे जाळायचं ते नटूनथटून टोपलीत बसलेलं, आणि जे मांडायचं ते कडेनं जळलेलं.

इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी होतं (अमेरिकेत तिथीपेक्षा शनिवार मोठा). वाण म्हणून सूनबाईंनी चाळीस कोस्टर केले होते. गोल चकती आणि तिच्यावर चिकटवायला कापलेला शब्द, 'संक्रांत'. देवनागरीची या कामात मोठी सोय. इंग्रजी अक्षरं कापली की सुटी होऊन विखुरतात. आपली शिरोरेषेला धरून राहतात. काना, मात्रा, वेलांटी, सगळे तिचा हात धरून असतात. अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. अपवाद अनुस्वाराचा. तो वर, एकटा, कुणाला न चिकटलेला.

शुक्रवारी संध्याकाळी मुलं बाजारात गेली होती. मला वाटलं, येईपर्यंत विस्तव करून ठेवावा. धुराड्यातलं झाकण आठवणीनं उघडलं (पहिल्या दिवशी विसरले होते, तेव्हा भोंगा वाजून शेजारी गोळा झाले होते). टोपलीतलं काही जाळायला हात धजेना. गराजमध्ये एका वाटीत प्लायवुडचे बारीक, काळपट कडांचे ठिपके दिसले. कचरा, दुसरं काय? चिपळूणची बाई भुसा फुकट घालवत नाही. वाटी ओतली आणि काडी लावली.

ते ऐंशी अनुस्वार होते.

सूनबाई पहिल्यांदा रागावली ती अनुस्वारांसाठी नव्हे. "आई, प्लायवुडमध्ये गोंद असतो, त्याचा धूर घरात नको!" अनुस्वार नंतर लक्षात आले. टेबलावर चाळीस 'सक्रात' मांडल्या होत्या. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार घालवले. उच्चार असलेले घालवायला मी मिनेसोटापर्यंत आले. गोड बोलायचा सण होता, पण तासभर कुणी काहीच बोललं नाही.

रात्री यंत्र सुरू करून पुन्हा कापायला कुणाच्यात त्राण नव्हतं. मग मीच टोपली पुढे ओढली. सुतळीत खोचलेल्या लवंगा उपसल्या, त्यांची डोकी खुडली आणि एकेक करून 'संक्रांत'वर चिकटवली. ऐंशी डोकी. डोळे ताणून केलं सगळं, चष्मा दोनदा पुसला. सूनबाईनं बघितलं आणि म्हणाली, "हे जास्त छान दिसतंय." मी अर्थातच मूळचा बेत तोच होता असा चेहरा केला.

शनिवारी वाण सगळ्यांना आवडलं. एका नव्या मुलीनं ते नाकाशी धरलं, लवंगेचा वास घेतला आणि विचारलं, "होममेड फायर स्टार्टर का, काकू?" मी काही बोलायच्या आत तिनं ते पर्समध्ये टाकलं. सोमवारी तिचा निरोप आला. पहिल्याच काडीत पेटलं म्हणे.