उसनी चाल

कामगारांचं साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाला कविता करायची खोड असली, की एक सोय होते. फॉर्म छपाईला जायच्या वेळी रकाना रिकामा राहिला, तर मजकुरासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. वाचकांची जी काय गैरसोय होते, ती त्यांनी चळवळीसाठी सोसायची.

अमेरिकेतला राल्फ चॅप्लिन हा त्या पंथातला. (चार्लीचा कुणी नव्हे.) जन्म १८८७ चा, वाढला शिकागोत, पेशाने चित्रकार. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या जहाल संघटनेसाठी त्याने चित्रं काढली, कविता लिहिल्या, आणि पुढे तिच्या ‘सॉलिडॅरिटी’ या पत्राचा तो संपादक झाला. वेस्ट व्हर्जिनियातला खाणकामगारांचा संप जवळून पाहताना एक गाणं त्याच्या डोक्यात घोळू लागलं होतं. ते पुरं झालं जानेवारी १९१५ मध्ये, शिकागोच्या घरी, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर आडवं पडून. क्रांतिगीतं उभ्याने, मूठ आवळून लिहीत असतील असं मला उगाच वाटायचं. ‘सॉलिडॅरिटी फॉरेव्हर’ आडव्याने लिहिलं गेलं आणि जगभरच्या मोर्चांत उभ्याने गायलं गेलं.

चाल मात्र त्याची नव्हे. ती मुळात ख्रिस्ती भजनाची. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेल्या जॉन ब्राउनचं गाणं सैनिकांनी त्याच चालीवर म्हटलं, मग ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी यादवी युद्धात तिच्यावर आपलं स्तोत्र बसवलं. शेजारी विरजण मागायला जावं तशी ही चाल घरोघर फिरत होती; चॅप्लिनही वाटी घेऊन गेला. हिशेब साधा होता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला नवी चाल कोण शिकवत बसणार?

पुढे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धकार्यात अडथळा आणल्याच्या आरोपावरून १९१८ मध्ये शिकागोत संघटनेच्या सुमारे शंभर जणांवर एकत्र खटला चालला. महिनोन्‌महिने चाललेल्या सुनावणीवर ज्यूरीने तासाभराच्या आत निकाल दिला. इतकं झटपट संपादन संपादकालाही जमत नाही. न्यायाधीश लँडिस यांनी चॅप्लिनला वीस वर्षं ठोठावली. (हेच लँडिस दोन वर्षांनी बेसबॉलचे कमिशनर झाले.) लेवनवर्थच्या तुरुंगात रकाने भरायचे नव्हते, तरी कविता थांबल्या नाहीत. त्यांचा संग्रह तो आत असतानाच निघाला आणि १९२३ मध्ये शिक्षा कमी होऊन तो सुटला.

खरी गंमत त्यानंतरची. संघटना रोडावली, गाणं फोफावलं. ज्या मवाळ, मालकांशी करार करून घरी जाणाऱ्या युनियनांवर त्याने टीका केली, त्यांनीच ते आपलं म्हणून उचललं. भांडवलशाही उलथवायला लिहिलेलं गाणं मेजवान्यांत गाऊ लागले. चॅप्लिन चिडला. मला त्याची चीड समजते, पण दया फारशी येत नाही. भजनवाल्यांना तरी त्याने कुठे विचारलं होतं?

तो शेवटी वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमात स्थिरावला. तिथेही कामगारांचं पत्र संपादित केलं, मग राज्याच्या इतिहास संस्थेत हस्तलिखितं सांभाळली. आणि हे गाणं आपण का लिहिलं, याचा एक सविस्तर खुलासा लिहून ठेवला. १९६१ मध्ये तो वारला. खुलासा छापून आला १९६८ मध्ये. तोवर त्या गाण्याला त्याची काही गरज उरली नव्हती.