अर्ध्या बँडची गोष्ट

सांगलीचं विलिंग्डन कॉलेज 1919 चं. मुंबईच्या लाटसाहेबाचं हे नाव शंभर वर्षं घेऊन सांगलीकरांच्या जिभेला चांगलंच वळण लागलंय. त्यात 2000 पासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी. तरी विलायतेला निघालेल्या पोराला बहुतेकदा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा चुकत नाही. तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, निकाल चालतो दोन वर्षं. हरिपूरच्या पेवातली हळद यापेक्षा जास्त टिकायची!

या परीक्षेच्या गुणांत अर्धा बँड कमी पडला की आधी प्री-सेशनल, म्हणजे काही आठवडे नुसतं इंग्रजी. मग मूळ अभ्यासक्रमाची मॉड्यूल सुरू झाली तरी जोडीला इंग्रजीचे तास सहसा असतातच. तिथं काय शिकवतात? ‘हे साफ चूक आहे’ असं लिहून मोकळा होणारा सातारचा गडी ‘असं म्हणण्यास काही अंशी वाव असू शकतो’ असं लिहायला लागतो. आपल्याकडं हे कसब झेडपीच्या तिकिटासाठी रांगेत उभं राहिलं की फुकटात येतं.

पालकहो, प्री-सेशनलची फी बहुधा वेगळी पडते. कर्जाच्या अर्जात ती आधीच धरा.