डेमोत सगळेच देखणे

कंपनीला डॅशबोर्डचे डोहाळे लागले की विक्रेते येतात, प्रोजेक्टर लागतो आणि कुठल्या तरी काल्पनिक दुकानाची विक्री रंगीत नकाशावर नाचू लागते. टॅब्लो या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरसोबत तर 'सुपरस्टोअर' नावाचा नमुना डेटा आयताच मिळतो. त्यात गिऱ्हाइकाचं नाव सगळीकडे सारखं, तारखा जागच्या जागी. आपल्या डेटाबेसात मात्र पाटील ट्रेडर्स, मे. पाटील ट्रेडर्स आणि 'पाटील ट्रेडर्स (जुने)' गुण्यागोविंदाने नांदतात. विक्रेत्याला म्हणावं, तुमचं दुकान राहू द्या, आमचा मार्च महिना घ्या आणि यावर चालवून दाखवा. पुढची भेट तो सहसा फोनवरच उरकतो.

बरं, मार्चची विक्री किती? सेल्सवाले ऑर्डर आली की मोजतात, गोडाऊनवाले माल गेला की, अकाउंट्सवाले बिल फाटलं की. परत आलेला माल कोणाच्याच हिशेबात नाही. या तिघांना एका खोलीत कोंडून एक आकडा ठरवून घ्यायचं काम पॉवर बीआयचं सॉफ्टवेअर करत नाही, फुकटातलं मेटाबेसही करत नाही. तीन आकड्यांचे तीन आलेख मात्र दोघंही झकास काढतात. आणि कमिटी घासाघीस कशावर करते? पॉवर बीआय प्रो एप्रिल 2025 पासून माणशी महिना 10 डॉलरचं 14 झालं, यावर!

शिवाय साहेबांना सगळं 'लाइव्ह' हवं. पॉवर बीआय प्रोमध्ये आयात केलेला डेटा दिवसातून 8 वेळा ताजा करता येतो. साहेब बघतात महिन्यातून एकदा, बोर्ड मीटिंगच्या आदल्या रात्री. तरीही हट्ट म्हणून रिपोर्ट थेट चालू डेटाबेसला जोडतात, आणि महिनाअखेरीला, ट्रक गेटवर उभा असताना, बिल काढणाऱ्या पोराचा स्क्रीन गोठतो. शिव्या खातो तो. रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवा म्हटलं, तर तेवढ्यापुरतं बजेट संपलेलं असतं.

रिसेप्शनच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीला मात्र मंजुरी मिळते. थकलेल्या बिलासाठी तिथे ताटकळणारा पुरवठादार विक्रीचा चढता आलेख बघतो आणि आत गेल्यावर व्याजही मागतो.