माझ्या चुका

मराठीत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. असं नाव का पडलं, ते मला आमच्या पार्टिशनने शिकवलं.

मुलगी दहावीत. तिला अभ्यासाला खोली हवी, म्हणून हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन ठरलं. मिस्त्रीने पत्र्याचे चॅनेल उभे केले, बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले आणि "उद्या येतो" म्हणून गेला तो गेलाच. तीन आठवडे मुलगी गजांआडून बघावं तशी आमच्याकडे बघत होती.

शेवटी मीच हातोडी घेतली. दीड इंची चुका ठोकल्या. काही वाकल्या, काही आत गेल्या आणि हिने दार लावताच बाहेर आल्या. पाठोपाठ बोर्डही.

"काका, पत्रा चूक धरत नाही," दुकानदार म्हणाला. अमेरिकेतल्या माझ्या भाच्याच्या घरात भिंतींचा सांगाडा लाकडी. तिथे चूक निदान शिरते. पण लाकूड सुकून आकसलं की तिचं डोकं रंगातून वर येतं. म्हणजे चूक सातासमुद्रापारही लपत नाही!

दुकानदाराने काळे स्क्रू काढले. पत्र्याला बारीक आट्यांचे, लाकडाला मोठ्या आट्यांचे. बोर्ड साडेबारा मिमीचा, म्हणून स्क्रू २५ मिमीचा. डोकं तुतारीसारखं पसरट. यात राजकारण नाही. बोर्डावरचा कागद न फाडता बसावं म्हणून.

कागदाचं मी मनावर घेतलं नाही. जास्त आवळलं की जास्त पक्कं, हा आमचा पिढीजात समज. ड्रिल घर्रर्र फिरवलं आणि स्क्रू कागद फाडून आत गुडुप! बोर्डाच्या पोटात नुसता खडूसारखा भुगा. स्क्रूचं डोकं अडतं ते वरच्या कागदावर. ते जेमतेम खाली दबलं, की थांबायचं. फाटलाच कागद, तर दोन बोटं सोडून दुसरा स्क्रू.

"अहो, लोणच्याच्या बरणीचं झाकणही तुम्ही असंच आवळता," ही म्हणाली. "मग उघडायला वॉचमनला बोलवावं लागतं."

भिंत आता पक्की उभी आहे. सव्वाशे स्क्रू पुरले असते, लागले १७१. चुकांचा डबा मात्र जवळजवळ भरलेला आहे. कुणाला हव्या असतील तर खुशाल घेऊन जा. माझ्या मला पुरतात.