शिडीमुक्त अंधार

पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा. खांद्यावर शिडी, खिशात पकड. वहिनी त्याला चहा द्यायच्या, "सोमवारी नक्की भरतो हो भाऊ" म्हणायच्या आणि तो बशी खाली ठेवून परत जायचा. केवढा हा मानवी हस्तक्षेप! स्मार्ट मीटरने तो संपवला, याबद्दल संबंधितांचे जाहीर अभिनंदन. आता दूर कुठेतरी एक आदेश सुटतो आणि मीटरच्या पोटात 'टक्' होतं. चहापत्तीही वाचते.

समदृष्टी तर वाखाणण्याजोगी. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमी. उत्तर प्रदेशात एका चुकीच्या आदेशाने दीड लाखाच्या आसपास स्मार्ट मीटरांची वीज गेली. थकबाकीदार आणि वेळेवर भरणारा, दोघे एकाच काळोखात. कृष्णजन्मही अंधारातच झाला होता, हे टीकाकार विसरतात.

बटण परक्याच्या हाती गेलं तर, ही शंका कोत्या मनाची. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधल्या एका वीज कंपनीत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रं एकेक करून बंद झाली. हल्लेखोर इतके काटेकोर, की तक्रार केंद्रावर खोट्या फोनांचा मारा करून लाइनही अडवून ठेवली. ही दुसरी सेवा आपल्याकडे हॅकरविनाच मिळते.

नम्र सूचना एवढीच, की घराची कडीही अशीच दुरून उघडती करावी. चोराला तरी रात्री-अपरात्री का दगदग?

परवा आमची वीज गेली. अख्ख्या घरात एकच दिवा चालू होता, मीटरवरचा. त्याच्या उजेडात मी बिल भरल्याची पावती दोनदा वाचली.