मिलिसेकंदवाले सर

हिंजवडीतल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत हे गृहस्थ सापडतात. एरवी त्यांना कोणी विचारत नाही. पण रिपोर्टचं पान उघडायला 40 सेकंद लागू लागले आणि क्लायंटचा आवाज चढला, की मॅनेजर स्वतः त्यांच्यासाठी चहा घेऊन जातो.

तोवर जावावाले ‘डेटाबेस स्लो आहे’ म्हणून आणि डेटाबेसवाले ‘तुमचा कोडच तसला’ म्हणून मोकळे झालेले असतात. कुणीतरी रॅम वाढवायचं सुचवतं. सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारतात, "मोजलंय का कोणी?"

कोणीच मोजलेलं नसतं.

मग हायबरनेटचे एसक्यूएल लॉग सुरू होतात. पाचशे ऑर्डरींची यादी आणायला एक क्वेरी, आणि प्रत्येक ऑर्डरच्या गिऱ्हाइकाचं नाव विचारायला आणखी पाचशे. "एन प्लस वन!" सर जुना शाळूसोबती भेटल्यासारखे खुलतात. कोड लिहिणाऱ्या पोराला ते रागावत नाहीत. "बाळा, जॉइन फेच लाव, एका खेपेत येईल," म्हणतात. ते ‘बाळा’ जास्त झोंबतं.

ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर, आपण काही सांगितलं नाही तर, एका फेरीत 10च ओळी आणतो, हे ते दरवेळी नव्यानं सांगतात. लाख ओळींना 10 हजार फेऱ्या; फेच साइज 500 केली की 200. गुणाकार-भागाकारही स्वतःच, फळ्यावर. कनेक्शन पूल कुणी 200वर नेलेला दिसला की मात्र दुखावतात. "हिकारीवाल्यांनी 10 ठेवलाय तो काय उगीच?" आठ कोअरच्या मशीनवर दोनशे कनेक्शनं एकदम कामाला लावली, तर काम राहतं बाजूला आणि नुसती आपसांत ओढाताण चालते, हे त्यांचं म्हणणं खरंच असतं. आणि व्हेअरमध्ये नावाच्या कॉलमभोवती ‘अपर’ गुंडाळलेलं सापडलं तर बोलतच नाहीत. साधा इंडेक्स जागच्या जागी असून बिनकामाचा होतो, या दुःखाला त्यांच्याकडे शब्द नसतात.

बाकी सगळ्याला असतात, हीच अडचण. डेटाबेसच्या फेऱ्या वाचवणारा हा माणूस बोलताना एकही वाचवत नाही. एक्सप्लेन प्लॅनमधली एक ओळ समजावायला 1997च्या जेडीबीसीपासून निघतात, वाटेत तीन जुने प्रोजेक्ट लागतात, आणि मुक्कामी पोचेपर्यंत कंपनीची शेवटची बस गेलेली असते.

पान आता 2 सेकंदांत उघडतं. मॅनेजर ‘टीमचे अथक परिश्रम’ असा मेल धाडतो. रॅमही येते, बजेट मंजूर झालेलं, परत कोण करणार? सरांना त्याचं काही नसतं. ते शनिवारी रिकाम्या ऑफिसात येऊन आणखी 300 मिलिसेकंद काढतात, आणि सोमवारी ते कसे काढले हे सांगायला कोणी सापडतंय का, म्हणून कँटीनमध्ये ट्रे घेऊन हिंडत राहतात.